स्वयंपाकघराची लाईन पुन्हा पुन्हा का तुंबते, आणि ती मोकळी कशी ठेवायची

प्रश्न थोडक्यात असा: चार मजली इमारत, वीसेक वर्षं जुनी, फ्लॅट पहिल्या मजल्यावर. दर दोन-तीन महिन्यांनी सिंक तुंबतं. प्लंबर येतो, ॲसिड ओततो, पाणी उतरतं आणि काही आठवड्यांत पुन्हा तेच. शिवाय कधीकधी आपण नळाला हातही लावलेला नसताना ड्राय बाल्कनीच्या नहाणीतून, म्हणजे फरशीतल्या जाळीच्या तोंडातून, साबणाचं पाणी वर येतं. कायमचा उपाय काय?

ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि दोन्हींची जागा वेगळी आहे. तुमचं सिंक तुंबतं ते तुमच्या घरातल्या पाईपमुळे. नळ बंद असताना नहाणीतून वर येणारं पाणी तुमचं नाहीच, ते वरच्या तीन मजल्यांचं आहे. उभ्या पाईपमधून खाली उतरताना त्याला तुमच्या जोडाच्या खाली कुठेतरी अडथळा लागतो आणि मग ते सगळ्यात खालच्या तोंडातून, म्हणजे तुमच्या नहाणीतून, बाहेर पडतं. या दुसऱ्या दुखण्यासाठी तुमच्या सिंकमध्ये काहीही ओतलं तरी उपयोग होणार नाही.

म्हणून काहीही ओतण्याआधी जागा शोधा. दहा मिनिटांचं काम आहे. सिंक भरा आणि सोडा. फक्त सिंकच सावकाश उतरत असेल आणि नहाणी ठीक असेल, तर अडथळा सिंकखालच्या ट्रॅपमध्ये (वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या भागात) किंवा तिथून निघणाऱ्या लवचीक पाईपमध्ये आहे. सिंक सोडल्यावर नहाणीत पाणी चढलं, तर अडथळा नहाणीच्या पुढे, डक्टमधल्या उभ्या पाईपपर्यंतच्या आडव्या तुकड्यात आहे. घरातलं पाणी पूर्ण बंद असताना नहाणी भरली, तर खाली जा आणि गली ट्रॅप (उभ्या पाईपचं पाणी जमिनीलगत ज्यात पडतं तो ट्रॅप) व चेंबर (त्यापुढच्या लाईनीवरचे झाकणाचे हौद) बघा. गली ट्रॅप ओसंडून वाहत असेल तर अडथळा त्याच्यात किंवा पुढच्या चेंबर लाईनमध्ये आहे. गली ट्रॅप आणि चेंबर शांत, पाणी चढलेलं नाही आणि तुमची नहाणी मात्र भरलेली, तर उभा पाईप जमिनीजवळ जिथे वळतो त्या बेंडमध्ये गच्च भरलंय असं समजा. चार मजल्यांवरून आलेला सगळा गाळ तिथेच आपटतो आणि तिथेच बसतो.

आता तुमच्या सिंकच्या लाईनीत नेमकं काय साचतं ते बघू. दहा-पंधरा वर्षं वापरलेला ७५ मिलिमीटरचा स्वयंपाकघराचा पाईप आडवा कापला की आत अंगठा जेमतेम जाईल एवढंच भोक उरलेलं दिसतं. बाकी सगळा राखाडी-पांढरा थर. नख लावलं तर साबणाच्या वडीसारखा खरवडला जातो. त्यात चहाचा चोथा, मोहरीचे दाणे, कढीपत्त्याचे देठ, भाताची शितं एकावर एक बसलेली असतात. हा थर नुसत्या तेलाचा नसतो. तूप, वनस्पती तूप आणि दुधावरची स्निग्धता पाईपच्या थंड भिंतीला चिकटते. खोबरेल तेलसुद्धा साधारण २४ अंशांखाली गोठतं, मग हिवाळ्यातल्या रात्री तुपाचं काय होत असेल ते सांगायला नको. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम या चरबीशी जुळलं की तिचा न विरघळणारा, टणक साबण होतो. त्यावर भांड्यांच्या पावडरीतली दगडाची भुकटी बसते. मग साध्या पाण्याने तो थर हलत नाही.

यात ॲसिड काय करतं? चरबीला जवळपास काहीच नाही. टॉयलेट साफ करायच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, त्याचा इलाज क्षारांवर चालतो. तुंबलेल्या पाईपमध्ये ओतल्यावर ते थरातला थोडा क्षार फेसाळवतं, त्या हालचालीने मधोमध बोटभर वाट मोकळी होते, पाणी उतरतं आणि सगळ्यांना काम झाल्यासारखं वाटतं. चरबीचा थर मात्र जागेवरच राहतो. बोटभर वाट बुजायला किती दिवस लागणार? म्हणून तुमचं चक्र दोन-तीन महिन्यांचं आहे. दरवेळी ते ॲसिड जुन्या ओतीव लोखंडी पाईपला, सिमेंटच्या जोडांना, नहाणीभोवतीच्या ग्राउटला आणि सिंकच्या स्टीलच्या जाळीला खात असतं. खालच्या छताला ओल येण्याची सुरुवात अशीही होते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ॲसिड आणि ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र होऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो फुफ्फुसाला इजा करतो, जीवही घेऊ शकतो. ॲसिड आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले तर उसळून तोंडावर येतात. आणि आधी काही ओतलं असेल तर ते प्लंबरला आल्या आल्या सांगा. तो ट्रॅप उघडतो तेव्हा आतलं पाणी त्याच्या हातावर आणि डोळ्यांत उडतं.

कॉस्टिक सोडा चरबीवर चालतो हे खरं, पण पाणी सावकाश का होईना उतरत असेल तरच. पाईप पूर्ण बंद असेल तर तो अडथळ्यापर्यंत पोचत नाही, वरच्या पाण्यातच नुसता राहतो. कोरडे दाणे ओतले तर ट्रॅपच्या तळाशी त्यांचा दगडासारखा गोळा होतो, मग ट्रॅपच बदलावा लागतो. वापरायचाच तर प्लास्टिकच्या बादलीत एक लिटर गार पाणी घ्या आणि त्यात दोन-तीन मोठे चमचे सोडा हळूहळू टाका. पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. पाणी आपोआप तापतं. ॲल्युमिनियमचं भांडं घेऊ नका, त्याच्याशी सोड्याची क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच, मुलं आसपास नकोत. अर्धा तास ठेवून भरपूर पाणी सोडा. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा जो उपाय सगळीकडे फिरतो, त्यात फेस छान दिसतो, पण दोन्ही एकमेकांना निकामी करतात आणि उरतं ते जवळजवळ खारट पाणी. चरबी तशीच.

खरं काम हाताने होतं. सिंकपासून सुरू करा.

सिंकखाली बादली ठेवा. बॉटल ट्रॅप असेल तर त्याची खालची वाटी हाताने डावीकडे फिरवून काढा. प्लास्टिकला पाना लावू नका, आटे जातात. वाटीतला गाळ काढा, आतली उभी नळी जुन्या टूथब्रशने घासा, रबरी वॉशर चिरलेला नाही ना बघा. परत बसवताना वॉशर सपाट बसवा, हातानेच आवळा, खाली कोरडा कागद पसरा आणि सिंक भरून सोडा. कागदावर थेंब दिसला की अर्धा फेरा आणखी. स्वयंपाकघरात बॉटल ट्रॅप मुळात योग्यच नाही, त्याची आतली वाट अरुंद असते. तो वॉशबेसिनला ठीक. तुमच्याकडे वळ्यावळ्यांचा लवचीक पाईप असेल, आणि बहुतेक घरांत तोच असतो, तर तो धुऊन परत लावण्यात वेळ घालवू नका. त्याच्या प्रत्येक वळीत चरबी अडकते आणि मधे झोळ पडला की तिथे पाणी उभं राहतं. त्याऐवजी आतून गुळगुळीत असलेला ४० मिलिमीटरचा पी ट्रॅप आणि सरळ पाईप बसवून घ्या. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर उंचीचं पाणी उभं राहायला हवं, तेच दुर्गंधी आणि झुरळं अडवतं.

ट्रॅप स्वच्छ असूनही पाणी उतरत नसेल तर रबरी पंप घ्या. तो बहुतेकांकडे असतो, पण चुकीचा चालवला जातो. दोन भांड्यांचं सिंक असेल तर दुसऱ्याचं तोंड बूच किंवा ओल्या फडक्याने घट्ट दाबून धरा. वरचं जास्तीच्या पाण्याचं भोक असेल तर तेही बंद करा, नाहीतर सगळा दाब तिथून निसटतो. रबरी वाटी बुडेल एवढं पाणी हवं, वाटीच्या काठाला थोडं व्हॅसलिन लावा. मग पंधरा-वीस वेळा दाबा आणि ओढा. लोक दाबतात जोरात आणि ओढतात हळू. गच्च बसलेला गोळा सैल होतो तो ओढण्यानेच. आधी कॉस्टिक सोडा किंवा ॲसिड ओतलेलं असेल तर पंप अजिबात चालवू नका.

नहाणीच्या पुढचा अडथळा काढायला प्लंबरची स्प्रिंग, म्हणजे पाईपमध्ये फिरवत घालायची लांब लवचीक तार, लागते. घरगुती कामाला पाच ते दहा मीटरची पुरते. नहाणीची जाळी काढा, आतली उलटी वाटी उचला, गाळ हाताने काढा. स्प्रिंग घड्याळाच्या दिशेने फिरवत हळूहळू आत सारा. टणक थांबली आणि फिरवल्यावर पुढे सरकली तर तो बेंड होता. मऊ थांबली, फिरवताना जड वाटू लागली तर तोच अडथळा. तिथे जोर लावून ढकलू नका. फिरवत राहा, टोक त्यात रुतू द्या आणि मग ओढून बाहेर काढा. ढकललेला गोळा पुढच्या वळणात जाऊन जास्त घट्ट बसतो. स्प्रिंग किती आत गेली होती ते टेप लावून मोजा आणि लिहून ठेवा. पुढच्या वेळी तेवढ्याच अंतरावर अडलं, तर तिथे पाईपचा उतार किंवा जोड बिघडलाय.

वाट झाली की काम संपलं असं नाही. स्प्रिंग भोक पाडते, थर काढत नाही. सिंक काठोकाठ भरा, हाताला सोसवेल इतकं गरम पाणी आणि दोन चमचे भांड्यांचं लिक्विड, मग बूच एकदम काढा. पंधरा-वीस लिटर पाणी एका लोटात गेलं की पाईप पूर्ण भरून वाहतो आणि भिंती घासल्या जातात. नळाची बारीक धार तासभर सोडूनही हे होत नाही. असं चार-पाच वेळा करा. उकळतं पाणी मात्र नको. पीव्हीसी पाईप साधारण ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो, आडवा पाईप झोळ टाकतो, जोड सैल होतात. मोदकांचं किंवा शेवयांचं उकळतं पाणी सिंकमध्ये ओतताना आधी त्यात तांब्याभर गार पाणी मिसळत चला. जुना थर फार जाड असेल तर जोरात पाण्याचा फवारा मारणाऱ्या छोट्या जेटिंग मशीनने पाईप धुऊन घेणं सगळ्यात चांगलं. पाईप चिनी मातीचा किंवा तडकलेला असेल तर जेट जपून, जोड उघडतात.

आता दुसरं दुखणं, उभा पाईप. हे काम सोसायटीचं आहे आणि एका घराने ते करू नये. डक्टमध्ये पाईप जिथे खाली वळतो तिथे दार असलेला बेंड असायला हवा. त्याचं झाकण उघडण्याआधी वरच्या सगळ्या मजल्यांना पाणी बंद ठेवायला सांगा. झाकणासमोर उभं राहू नका, बाजूला राहा. मागे तीन मजल्यांचं पाणी थांबलेलं असतं आणि ते एका झटक्यात येतं. शेवटचा बोल्ट पूर्ण न काढता झाकण सैल करून आधी पाणी झिरपू द्या. दार नसेल तर या निमित्ताने बसवून घ्या. त्या ठिकाणचा एकच काटकोनी बेंड काढून ४५ अंशांचे दोन बेंड लावले तर गाळ बसण्याची जागाच कमी होते.

चेंबरची लाईन तपासताना सगळी झाकणं ओळीने उघडा. ओळीतलं शेवटचं भरलेलं चेंबर आणि त्याच्या पुढचं पहिलं रिकामं चेंबर, या दोघांमधल्या पाईपमध्ये अडथळा आहे. कामट्या किंवा रॉड घालताना खालच्या चेंबरमध्ये तोंडाशी जाळी धरा, सुटलेला गोळा तिथेच उचला. तो पुढे गेला तर पुढची लाईन तुंबते. सगळीच चेंबर्स भरलेली असतील, रस्त्यालगतचंही, तर दोष महापालिकेच्या लाईनीत आहे, तक्रार वॉर्ड ऑफिसात करा. फक्त पावसाळ्यात असं होत असेल तर गच्चीचं पावसाचं पाणी कुणीतरी ड्रेनेजला जोडलंय का ते बघा. फार ठिकाणी तसं सापडतं.

पहिल्या मजल्यासाठी कायमचा उपाय एकच: तुमची स्वयंपाकघराची आणि ड्राय बाल्कनीची लाईन उभ्या पाईपमधून तोडून स्वतंत्रपणे खाली नेऊन थेट गली ट्रॅपला किंवा चेंबरला जोडा. उभ्या पाईपवरच्या सगळ्यात खालच्या मजल्यासाठी हीच पद्धत योग्य मानली जाते. उभ्या पाईपच्या तळाशी पाणी आपटून दाब तयार होतो आणि वॉशिंग मशीनचा फेस वर चढतो. त्यामुळे अडथळा नसतानाही खालच्या नहाणीतून फेस येऊ शकतो. लाईन वेगळी केली की वरच्यांचं पाणी आणि फेस, दोन्ही त्रास जातात. खर्च होतो, पण दर दोन महिन्यांचा प्लंबर आणि भिजलेलं फर्निचर मोजलं तर तो जड नाही. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) हा त्याहून स्वस्त मार्ग आहे. मात्र त्याच्या पडद्याला चरबी चिकटली तर तो बंदच होत नाही, आणि खालून दाब असताना तुमचंही पाणी जात नाही. बसवलाच तर दर तीन महिन्यांनी उघडून धुवावा लागेल.

नवी लाईन टाकताना समोर उभं राहून तीन गोष्टी बघा. उतार: आडव्या पाईपला मीटरमागे २५ मिलिमीटर, म्हणजे १:४०. पाणसळ (स्पिरिट लेव्हल) लावून मोजायला सांगा, डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नका. पाईप: ड्रेनेजसाठी एसडब्ल्यूआर (सॉईल, वेस्ट, रेनवॉटर) पाईप येतो, त्यात ए आणि बी असे दोन प्रकार असतात. ए हवेसाठी आणि पावसाच्या पाण्यासाठी, बी सांडपाणी आणि मैल्यासाठी. स्वस्त पडतो म्हणून ए लावला जातो, पाईपवरची छपाई वाचा. कापलेली कड: पाईप कापल्यावर आतल्या कडेला कुसं राहतं, ते चाकूने किंवा कानशीने साफ न करता जोडलं तर पहिला केस, पहिला धागा तिथेच अडकतो आणि पुढचं सगळं त्याला लटकत जातं.

रोजच्या सवयींमध्ये सगळ्यात मोठा फरक पडतो तो एका गोष्टीने. कढई, तवा, तुपाची वाटी, मिक्सरचं भांडं धुण्याआधी रद्दीच्या तुकड्याने पुसून घ्या. तो तुकडा कचऱ्यात. तळणीचं उरलेलं तेल बाटलीत भरून कचऱ्याच्या गाडीला द्या. दिवाळीच्या फराळानंतरचे पंधरा दिवस प्लंबरना उसंत नसते, त्याचं कारण हेच. चहाचा चोथा कुंडीत टाका. सिंकच्या तोंडाला बारीक जाळी ठेवा आणि ती उलटी करून सिंकमध्ये झटकू नका. तारेची घासणी झिजायला लागली की फेकून द्या, तिचे तुकडे पाईपमध्ये जाऊन गळासारखे सगळं अडवतात. घरकामाला येणाऱ्या ताईंना हे सगळं नीट समजावून सांगा, भांडी बहुतेक वेळा त्याच घासतात. आठवड्यातून एकदा वर सांगितलेला भरल्या सिंकचा लोट सोडा.

आणखी काही गोष्टी पाईपमध्ये जातात त्या आपल्या सणांमुळे आणि दुरुस्त्यांमुळे. शाडूच्या गणपतीचं घरी बादलीत विसर्जन करणं चांगलंच, पण ते पाणी मोरीत ओतू नका. माती ट्रॅपच्या तळाशी बसते आणि सुकली की विटेसारखी होते. दोन दिवस निवळू द्या, वरचं पाणी झाडांना घाला, माती कुंडीत. रांगोळी ही दगडाची भुकटी आहे, ती सुपलीत भरून घ्या, पाण्याने नहाणीत लोटू नका. फरशी बदलताना तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. मिस्त्री सिमेंटचं घमेलं आणि ग्राउटचं पाणी सवयीने नहाणीतच धुतात. पाईपमध्ये बसलेलं सिमेंट कुठल्याच रसायनाने निघत नाही, फरशी फोडून पाईप बदलावा लागतो. काम सुरू होण्याआधी प्रत्येक नहाणी आणि कमोडचं तोंड पिशवीच्या बोळ्याने बंद करून वर पीओपी लावून घ्या, आणि हत्यारं धुवायला वेगळं पिंप द्या.

बाथरूमचा मामला सोपा आहे. केस आणि साबण. जाळीवरचे केस रोज उचला, महिन्यातून एकदा नहाणीतली उलटी वाटी काढून घासा आणि परत ठेवा. पाणी लवकर जावं म्हणून ती काढून टाकलेली असते, मग घरात वास येतो. कमोडमध्ये पाणी आणि मैल्याशिवाय काहीही नको. सॅनिटरी पॅड, डायपर, ओले वाईप्स काहीही नाही, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

सोसायटीने गली ट्रॅप दर पंधरवड्याला आणि चेंबर्स महिन्याला उघडून बघावीत, मे महिन्यात पूर्ण लाईन जेटिंगने धुऊन घ्यावी. चेंबरच्या तळाची अर्धगोल नाली तुटली असेल तर ती बांधून घ्या, नाहीतर गाळ तिथेच थांबतो. लाईनीजवळ वड, पिंपळ किंवा उंबर असेल तर मुळं जोडांतून आत शिरतात. दरवर्षी ती कापत बसण्यापेक्षा तेवढा तुकडा पीव्हीसीचा करा. सेप्टिक टँक असेल तर दोन-तीन वर्षांनी गाडी बोलावून उपसून घ्या. सगळ्या घरांचं पाणी एकाच वेळी मंद झालं तर आधी तिथे बघा.

आणि चेंबरमध्ये किंवा टँकमध्ये कुणालाही उतरवू नका, कितीही उथळ वाटलं तरी, तो स्वतः तयार असला तरी. आतल्या हायड्रोजन सल्फाईडचा वास सुरुवातीला येतो, मग तो वायू नाकच बधिर करतो आणि माणूस वास गेला असं समजून आणखी वाकतो. वाचवायला उतरलेला दुसराही त्याच जागी पडतो. २०१३ च्या कायद्याने अशा धोकादायक सफाईसाठी माणूस लावणं गुन्हा आहे, आणि यात मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. झाकण उघडून वाकून बघण्याआधीही ते काही वेळ उघडं राहू द्या, जवळ काडी पेटवू नका. गाळ बाहेर उभं राहून, रॉडने, बादलीने किंवा सक्शनच्या गाडीने काढता येतो. गाडी यायला दोन दिवस लागणार असतील तर दोन दिवस थांबा, तोवर वरच्या मजल्यांनी पाणी जपून वापरावं.